हयातीची लाईन

ज्या काळी संबंध वस्तीत दूरध्वनियंत्र एखाद्याच भाग्यवंताच्या ओसरीवर विराजमान असे आणि उरलेली सारी आळी त्या एकाच यंत्राचा आकडा आपल्या लग्नपत्रिकांवर, अर्जांवर व दुकानाच्या पाट्यांवर निर्धास्तपणे लिहून त्यापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे जोडीत असे, त्या काळी एका लायनीवर अवघी आळी सुखाने नांदत होती. आणि आज एका इसमाच्या एका खिशातल्या एका यंत्रात दोन लायनी घातल्या असता त्या एकट्या इसमास मात्र सुखाने नांदता येत नाही, हा विज्ञानाच्या प्रगतीचा चमत्कारच म्हटला पाहिजे. सरकारने तर एका नागरिकाला स्वतःच्या नावावर नऊ जोडण्या बाळगण्याची मुभा दिली आहे. नऊ जोडण्या बाळगणारा पुरुष आम्ही अद्याप पाहिलेला नाही. तो असलाच तर त्याची प्रकृती बरी नसणार.

वस्तुतः दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच ठिकाणी नांदवण्याची आमच्या गावाला परंपरागत सवय आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तहशिलीतले आमचे राजूर कोळसा आणि चुना ह्या, वर्णाने एकमेकांचा संपूर्ण निषेध करणाऱ्या दोन पदार्थांवर जगत आले असल्यामुळे, येथे कामावरून परतणारा मनुष्य काळा होऊन आला की खाणीतला आणि पांढरा होऊन आला की भट्टीवरचा, हे ओळखण्यास ओळखपत्राची गरज पडत नसे. कोळशाच्या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, तत्पूर्वी आणि तदनंतर येथे पोटामागे आलेल्या लोकांनी आपापल्या भाषाही बरोबर आणल्या. त्यामुळे कॉलनीतला कोणताही इसम वऱ्हाडीत सुरू केलेले वाक्य हिंदीत पुढे नेऊन तेलुगूत भांडण संपवू शकतो. अशा गावात हाजरीबाबू म्हणून उभी नोकरी केलेल्या आमच्यासारख्याला एका फोनमधल्या दोन लायनींचे भय वाटण्याचे कारण नव्हते.

शिवाय दोन सिमांची विद्या आम्हांकडे परदेशातून आलेली नसून पैनगंगेच्या काठावरून आली आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या ह्या नदीच्या पलीकडे आदिलाबाद. म्हणजे दूरसंचार खात्याच्या हिशेबाने अलीकडे महाराष्ट्र सर्कल आणि पलीकडे आंध्र सर्कल. मोबाईल नवा होता त्या दिवसांत नदीकाठच्या शेतात कापूस वेचणाऱ्या माणसाचा फोन, धन्याची अनुज्ञा न घेता, पैलतीरीच्या अधिक सशक्त टॉवरला जाऊन मिळे आणि बांधावरून पाऊलही न हलवलेल्या त्या कास्तकाराचे ‘आंध्र प्रदेशात आपले स्वागत असो’ अशा आशयाच्या संदेशाने आगतस्वागत होऊन, पाठोपाठ रोमिंगचे पैसे कापले जात. ह्या जुलमावर लोकांनी जो उपाय काढला त्यात कोणाही अभियंत्याचा हात नव्हता. दोन सिमे घालण्याची सोय असलेले चिनी बनावटीचे हँडसेट वणीच्या बाजारात येताच एक सिम अलीकडचे, एक पलीकडचे, असा बंदोबस्त झाला. ज्यांची सोयरीक नदीपार होती त्यांनी तर विहिणीशी बोलायला स्वतंत्र सिम ठेवले. पुढे देशांतर्गत रोमिंग निकालात निघाले आणि ही व्यवस्था अनावश्यक झाली, तरी दुसऱ्या सिमाची खाच रिकामी ठेवणे हे दारिद्र्याचे लक्षण मानण्याची रीत मात्र उरली.

तेव्हा आमचा मुलगा शारजाला नोकरीस असल्यामुळे आणि नागपूरहून शारजाला थेट विमान जात असल्यामुळे, आम्ही उभयतांनी तिकडे काही काळ राहून यावे असे ठरले, त्या वेळी फोनचा प्रश्न आमच्या दृष्टीने सुटल्यासारखाच होता. शेजारचे निवृत्त ओव्हरमनसाहेब, ज्यांचा शारजाशी एकूण परिचय १९८६ साली जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर मारलेल्या षट्काराइतकाच होता आणि ज्यांनी त्या षट्काराबद्दल त्या शहराला अद्याप क्षमा केलेली नाही, तेही म्हणाले, “एक तिकडलं, एक इकडलं. पैनगंगा तशी शारजा. काय फरक हाय जी?”

फरक पहिल्याच दिवशी ध्यानात आला. मुलाने तेथली लाईन आमच्या फोनमध्ये घातली ती कार्डाच्या रूपाने नव्हे. त्याने आपल्या फोनवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन उघडला, आमच्या फोनला त्याचे दर्शन घडवले, आणि लाईन आत गेली. ना खाच उघडली, ना ती टाचणी शोधावी लागली जिच्या अभावी राजुरात आजवर बायकांच्या कानांतल्या रिंगांच्या तारा कामी आल्या आहेत. अशा रीतीने आमच्या यंत्रात एक लाईन सगुण आणि एक निर्गुण, अशी दोन्ही तत्त्वे एकत्र प्रतिष्ठित झाली. आणि भक्तिमार्गाचा ज्यांना थोडाबहुत अनुभव आहे त्यांना सांगायला नको की, सगळा त्रास सगुणाचाच असतो.

मुलगा व्यवहारी आहे. त्याने दोन्ही लायनींना ‘इंडिया’ आणि ‘शारजा’ अशी नावे दिली आणि चार वाक्यांत आम्हांस कारभार समजावून दिला, तो आम्ही जुन्या सवयीने एका चिठोऱ्यावर उतरवून फोनच्या कव्हरात सरकवला. चिठोऱ्यावरचा मजकूर असा होता : ‘डेटा – शारजा. इंडियाचे डेटा रोमिंग – बंद, कोणी काही म्हटले तरी बंद. इंडियावर फोन आल्यास – उचलू नये. इंडियावर संदेश आल्यास – वाचावा.’ वरकरणी सोपा दिसणारा हा मसुदा किती दूरगामी आहे हे लिहिताना कळले नाही. कारण तिसऱ्या कलमाचा अर्थ असा की, ज्या नंबरावर उभ्या आयुष्यात जोडलेला गोतावळा आपल्याला हाक मारणार, तो नंबर खिशात वाजत असताना आपण त्याच्याकडे पाहत बसावयाचे.

ह्याचे कारण आर्थिक आहे. ज्यांनी २००३ सालापूर्वी मोबाईल बाळगला त्यांना आठवत असेल की, त्या काळी आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. त्यामुळे प्रतिष्ठित लोकसुद्धा पडद्यावर नाव पाहून फोन तोडीत आणि समोरच्या दुकानातून उलट फोन करीत. ते युग संपले असे आम्ही समजत होतो, परंतु ते परदेशात वस्तीला गेले आहे. विशेष पॅक न घेता तेथे घरची लाईन उचलली की बोलणारा राजुरात, ऐकणारा शारजात आणि मिनिटामिनिटाचा भुर्दंड ऐकणाऱ्यावर. संदेश स्वीकारायला मात्र पैसे नाहीत. तात्पर्य, परमुलखात घरच्या लायनीवर लोकांचे बोलणे महाग आणि कचेऱ्यांचे लिहिणे फुकट. आणि एकदा हे दरपत्रक समजले की ती लाईन कोणासाठी चालू ठेवलेली असते ह्याविषयी संदेह उरत नाही.

आमचे नातेवाईक मात्र दरपत्रक वाचणारे नव्हेत. आम्ही फोन उचलीत नाही असे पाहून त्यांनी व्हॉट्सॲपचा आश्रय घेतला, आणि येथे मामला अधिक बिघडला. व्हॉट्सॲप हा प्राणी मोठा चमत्कारिक आहे. तो आमच्या राजूरच्या नंबराचे नाव लावतो, पण अन्न शारजाच्या लायनीचे खातो, आणि ज्या घरचे अन्न खातो त्या घरचा कायदा त्याला लागू होतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिण्यास हरकत नाही, बोलण्यास आहे. त्यामुळे वणीहून आमच्या धाकट्या मेहुण्याने फोन लावला की, येथे घंटी वाजे, नाव दिसे, आम्ही उत्सुकतेने कानाला लावीत असू, आणि पलीकडे गाढ शांतता. तिकडे तेच. एका बाजूचा मनुष्य ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो आहे, दुसऱ्या बाजूचा ‘बोला, बोला’ म्हणतो आहे, आणि मध्ये अरबी समुद्र. ह्याचा राजुरात जो अर्थ लावण्यात आला तो ओव्हरमनसाहेबांनी लेखी कळवला : “बाबूजी, लोक म्हून राह्यले का तुमी शारजाले गेले अन् बोलनंच सोडलं. फोन उचलता अन् गप राह्यता. मेहुना नाराज हाय.”

आता मेहुण्याची समजूत काढण्यासाठी शारजाच्या लायनीवरून रीतसर फोन लावणे प्राप्त होते. तेथे निराळेच विघ्न उभे राहिले. आमच्या फोनमधली बहुतेक नावे ज्या काळात नोंदवली गेली त्या काळात भारताबाहेर जग आहे ह्याची नोंदणाऱ्यास कल्पना नव्हती. काही नंबर दहा आकडी, काहींच्या आरंभी शून्य, आणि अधिक ९१ हा उपसर्ग एकालाही नाही. राजुरात बसून ही त्रुटी जाणवत नाही, कारण तेथे देश गृहीत धरलेला असतो. शारजाच्या लायनीला मात्र आमचा मेहुणा कोणत्या देशाचा, हे सांगितल्याखेरीज समजेना. आणि मेहुण्याचा नंबर दाबताच एक ध्वनिमुद्रित स्त्री प्रथम अरबीत व नंतर इंग्रजीत, असा कोणी मनुष्य अस्तित्वात नसल्याचे अत्यंत सौजन्याने सांगे. आमच्या सौभाग्यवतीने तो आवाज ऐकला आणि आपल्या भावाच्या अस्तित्वाविषयी परक्या बाईने असे बोलावे ह्याचा तिला स्वाभाविकच राग आला. “अहो, तुम्ही तिला सांगा ना, वणीचा आहे म्हणून!” मुलाने मग एक संपूर्ण संध्याकाळ खर्ची घालून आमच्या गोतावळ्यातील प्रत्येकास भारतीय नागरिकत्व बहाल केले.

तरी शेवटी मेहुण्याशी बोलणे झाले, आणि त्याच वेळी, दोन लायनी म्हणजे दोन फोन नव्हेत, ह्या सत्याचाही साक्षात्कार झाला. दोन्ही लायनी एकाच वेळी उभ्या असतात हे खरे, परंतु आमच्यासारख्यांच्या फोनमध्ये त्या दोघींत मिळून कान एकच. एका लायनीवर संभाषण चालू असेपर्यंत दुसरी जगाच्या लेखी संपर्क क्षेत्राच्या बाहेर असते. मेहुण्याच्या तक्रारी ऐकून घेण्यात जो अर्धा तास गेला त्या अर्ध्या तासात राजूरची लाईन मृतवत पडून होती. आणि बँकेने, तिचे नाव येथे घेण्यात अर्थ नाही, नेमक्या त्याच अर्ध्या तासात आम्हांस सहा आकड्यांचा परवलीचा शब्द पाठवला.

ह्या सहा आकड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सगळ्या उपद्व्यापाचे मूळ तेथे आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ साली असा दंडक घातला की, कार्ड समोर न दाखवता दूरस्थ व्यवहार करणाराने आपली ओळख आणखी एका प्रकारे पटवावी; आणि तेव्हापासून बँकांनी ही ओळख पटवण्याचे काम बहुतांशी फोनच्या नंबरावर सोपवले. त्यापूर्वी मनुष्य खरा की खोटा हे ठरवण्यास सही होती, अंगठा होता, दोन साक्षीदार होते, तलाठी होता. आता साक्षीदार एकच, आणि तो खिशात असतो. त्या साक्षीदाराला परदेशात ऊन लागू नये, त्याचे रिचार्ज चुकू नये, त्याला रेंज मिळावी, म्हणून माणूस जी चिंता वाहतो ती पाहिली की बरोबर कोण कोणाला घेऊन आले आहे असा प्रश्न पडतो. मध्यंतरी राष्ट्रीय भुगतान निगमाने अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, अमिराती इत्यादी दहा देशांतील नंबरांवरूनही अनिवासी खातेदारांना यूपीआय चालवण्याची परवानगी दिली खरी. पण ती अनिवाशांना. आम्ही निवासी. आमचा निवास राजुरात असल्याचे आम्ही शारजात बसून सिद्ध करावयाचे होते.

त्यात महिना नोव्हेंबरचा. कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या माणसाला १९९८ च्या पेन्शन योजनेखाली जे काही मिळते, ते पुढे मिळत राहण्यासाठी आपण अद्याप मेलेलो नाही असे त्याने वर्षातून एकदा कळवावे लागते. पूर्वी ह्यासाठी बँकेत जाऊन कारकुनासमोर उभे राहिले म्हणजे झाले. कारकून मान वर करून पाही, आणि तेवढ्याने वर्षाची निश्चिती होई. २०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला आणि पुढे तर चेहरा दाखवून तो घरबसल्या काढण्याची सोय झाली. मुलाने सोफ्यावर बसवून फोन समोर धरला. यंत्राने चेहरा पाहिला, पापण्या मिटण्याची आज्ञा केली, आम्ही मिटल्या. मग त्याने आमच्या राजूरच्या नंबरावर आकडे पाठवल्याचे जाहीर केले. आकडे आले नाहीत. फोन खिडकीशी नेला, गच्चीवर नेला, विमानात घालतात त्या मौनात घालून पुन्हा बाहेर काढला. आकडे आले ते त्यांची मुदत संपल्यावर. दुसऱ्यांदा मागितले, तर पहिल्या खेपेचेच आणखी एकदा आले. शेजारच्या इमारतीतील एक केरळी गृहस्थ आपल्या गच्चीवर तोच विधी करीत होते. एका हातात फोन, एका हातात चष्मा, आणि चेहऱ्यावर तीच आशा. आम्ही परस्परांना नमस्कार केला. भाषा कळण्याचे कारण नव्हते.

मनुष्य जिवंत असून त्याचा नंबर उत्तर देत नाही, ही अवस्था हाजरीबाबूला नवीन नाही. भूमिगत खाणीत उतरणारा प्रत्येक कामगार लॅम्परूममधून आपल्या नंबराचा दिवा घेतो, शिफ्ट सुटल्यावर तो परत टांगतो, आणि भोंग्यानंतर फळीवर जी जागा रिकामी दिसेल त्या नंबराचा माणूस अजून खाली आहे असे समजले जाते. खाली ह्या क्षणी कोणकोण आहेत हे नावानिशी दाखवणारी नोंदवही ठेवण्याची सक्ती १९५२ च्या खाण कायद्यातच आहे. मोबाईल कंपन्यांचे दप्तरही ह्याच तत्त्वावर चालते. शारजाच्या टॉवरखाली आमची राजूरची लाईन जागी झाली की, तो टॉवर ज्या कंपनीचा ती कंपनी आमच्या मूळ कंपनीस विचारणा करते, ‘हा इसम तुमचा काय?’ आणि मूळ कंपनी आपल्या होम लोकेशन रजिस्टरात पाहून ‘आमचाच, हल्ली तुमच्याकडे आहे अशी नोंद करतो’ असे उत्तर देते. दिवा आमचा, फळी राजूरची, माणूस शारजाच्या बोगद्यात. फरक इतकाच की, आमच्या लॅम्परूममध्ये दिवा परत आला नाही तर लोक शोधायला खाली उतरत. येथे ‘कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहून येते.

हयात अखेर सिद्ध झाली, ती पहाटे, वाऱ्याची झुळूक यावी तसे आकडे अवचित आले तेव्हा. झोपेत सुजलेला तो चेहरा यंत्राने मान्य कसा केला हे त्याचे तोच जाणे. त्यानंतर मात्र आम्ही राजूरच्या लायनीकडे अधिक आदराने पाहू लागलो आणि शारजाच्या लायनीवर संसार करू लागलो. टॅक्सी तिच्यावर, भाजी तिच्यावर, मुलाचे ‘बाबा, कुठे आहात?’ तिच्यावर. आमची एक दाढ तेथे दुखू लागली तेव्हा दातांच्या दवाखान्यातील फिलिपिनो मुलीने नंबर विचारला आणि सौभाग्यवतीने आम्हांस विचारल्याशिवाय शारजाचा सांगून टाकला. एवढ्या किरकोळ कृत्याने त्या निर्गुण लायनीला प्रथमच एका कचेरीचे दप्तर मिळाले, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही.

वरोऱ्याच्या वाटेने राजुरात परत आलो तेव्हा अपेक्षा अशी होती की, आता शारजाची लाईन काढून टाकावी. पण काढणार काय? कार्ड असते तर टाचणीने उपसून देव्हाऱ्याच्या डब्यात ठेवले असते, जेथे आजवरची सर्व निवृत्त सिमे आहेत. निर्गुण लाईन काढायला गेले की फोन विचारतो, ‘नक्की?’ आणि सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या मनुष्याला ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या जबाबदारीवर देण्याची सवय नसते. मुलाला विचारले तर तो म्हणाला, “असू द्या, माझ्या नावावर आहे, पुढल्या वेळी कामाला येईल.” तेव्हा ती राहिली. आता चुनाभट्टीच्या धुरात बसून आम्ही शारजाच्या लायनीचे रोमिंग सांभाळतो. चिठोऱ्यावरील ‘इंडिया’ आणि ‘शारजा’ ही नावे तेवढी खोडून उलटी लिहिली आहेत, बाकी मजकूर तंतोतंत तोच.

परवा ओव्हरमनसाहेब ओट्यावर बसले असताना त्या लायनीवर संदेश आला. वर अरबी, खाली इंग्रजी. दाढेचे सहा महिने पूर्ण झाल्यामुळे दवाखान्याने तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाची वेळ राखून ठेवली होती आणि येणार असल्यास १ हा आकडा पाठवावा, असे कळवले होते. ओव्हरमनसाहेबांनी चष्मा वर करून तो संदेश दोनदा वाचला, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, “तिकडले साडेधा म्हंजे आपले बारा वाजते. जेवूनच जा जी.”